पहाऱ्याचे विमान

गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत जागल्याला त्याचे बलुते मिळत असे. परंतु गावाची जी कैफियत दप्तरात लिहिली जाई तीत पाटील-कुलकर्ण्यांचे तंटे येत, गढी बांधणाऱ्या देशमुखाचे नाव येई, दरोडा घालणारा येई आणि त्याला अडवताना धारातीर्थी पडलेला वीरही येई. रात्रभर वेशीपासून वेशीपर्यंत फिरून पहाटे पाटलाच्या ओसरीवर रात्र सुखरूप गेल्याचा जबाब देणारा जागल्या मात्र तीत क्वचितच आढळे. ज्याच्या कामाची सिद्धी काही अघटित न घडण्यात असते, त्याच्याविषयी लिहिण्यासारखे इतिहासकाराच्या हाती फारसे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहासही बव्हंशी याच दृष्टीने लिहिला गेला. आघात करणारी विमाने शाळकरी मुलांनासुद्धा नावानिशी ठाऊक झाली. पण अठरा-अठरा, वीस-वीस तास समुद्रावर संथ गतीने फिरून पाणी न्याहाळणारे आणि त्या पाण्यावर शत्रूची रेघ उमटताच बिनतारी संदेशाने ती किनाऱ्यास कळवणारे ‘कॅटलिना’ नावाचे जलविमान त्या मानाने अंधारात राहिले. त्या विमानाचा, त्याच्या धातूच्या प्रतिकृतीचा आणि समुद्रापासून शंभर कोसांहून दूर असलेल्या अहमदपूर तालुक्याचा परस्परसंबंध सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. तो संबंध ओढूनताणून आणलेला नाही. टपाल, महसूल आणि मुलूखगिरी या तिन्ही वाटांनी तो आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो.

अहमदपूर हे नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटाच्या पठारावर वसलेले तालुक्याचे गाव. काळी जमीन, ज्वारी आणि तूर, अलीकडच्या काळात सोयाबीन, एका अंगाला मन्याड नदीचे खोरे, आणि पाऊस लहरी असल्यामुळे पाणी जपून वापरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, असा हा मुलूख आहे. अशा गावात एका स्नेह्यांच्या बैठकीतील काचेच्या कपाटात ‘कॅटलिना’ची १:७२ मापाची प्रतिकृती ठेवलेली आहे. संग्राहक मंडळी तिला नुसते ‘डायकास्ट’ म्हणतात. कारण वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून ती घडवलेली असते. ब्रिटनच्या ‘कॉर्गी’ या प्रसिद्ध खेळणीकारांनी प्रौढ संग्राहकांसाठी जी विमानमालिका काढली, तीत याच मापाची ‘कॅटलिना’ निघालेली आहे.

ही प्रतिकृती हातात घेताच प्रथम जाणवते ते तिचे वजन आणि धातूचा गारवा. पंखांचा विस्तार भरतो सुमारे ४४ सेंटिमीटर. वरची बाजू निळसर करड्या रंगाची, खालची फिकट. म्हणजे वरून पाहणाऱ्याला ती समुद्रात मिसळून जावी आणि खालून पाहणाऱ्याला आभाळात. सर्वसाधारण विमानात पंख धडाला चिकटलेले असतात. येथे मात्र धडाच्या पाठीवर एक आखूड खांब उभा असून त्याच्या माथ्यावर एकच लांबलचक पंख आडवा ठेवलेला आहे, आणि त्या खांबाला बारीकशी खिडकी आहे. खऱ्या विमानात त्या खिडकीमागे यंत्रज्ञ बसून दोन्ही एंजिनांवर लक्ष ठेवी. धडाचा खालचा भाग पूर्णपणे नावेच्या घडणीचा आहे. मध्यावर बोट फिरवले तर तळाला एक ठळक पायरी लागते. ही पायरी शोभेची नव्हे. पाण्यावरून धावताना तळाला चिकटणारे पाणी तेथे तुटून मागे पडते, आणि ते तुटले नाही तर कितीही जोर लावला तरी नाव पाण्याची पकड सोडीत नाही. पंखांच्या टोकांना दोन तरंगे आहेत. हवेत गेल्यावर ते वर दुमडून पंखाचेच टोक बनतात. शेपटीच्या अलीकडे दोन्ही कुशींना पारदर्शक, फुगीर, बुडबुड्यांसारख्या काचा बसवलेल्या आहेत. या सबंध विमानाचा प्राण कोठे असेल तर तो या दोन काचांत. त्यांच्याआड बसलेला मनुष्य पुढे, मागे, खाली, सर्वत्र पाहू शकत असे; आणि पाहणे हेच या विमानाचे मुख्य कर्तव्य होते.

‘कॅटलिना’चा जन्म अमेरिकेतील कन्सॉलिडेटेड या विमान कंपनीत झाला. आयझॅक लॅडन या अभियंत्याने तिचा आराखडा केला आणि १९३५ च्या मार्च महिन्यात तिने पहिले उड्डाण केले. पंखांचा विस्तार १०४ फूट, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची दोन एंजिने, नेहमीच्या गस्तीचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. त्या काळच्या लढाऊ विमानांच्या तुलनेत हा वेग दुबळाच म्हणावा लागेल. परंतु एका दमात सुमारे ४००० किलोमीटर जाण्याची तिची ताकद होती, आत निजण्यासाठी फळ्या होत्या, अन्न गरम करण्याची सोय होती, आणि आठ-नऊ जणांची तुकडी पाळीपाळीने झोपत व पाळीपाळीने पाहत दिवस-रात्र समुद्रावर काढू शकत असे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांता कॅटलिना बेटावरून तिला नाव मिळाले, आणि ब्रिटिशांनी ते रूढ केले. तीन हजारांहून अधिक प्रती बनलेले हे जलविमान अशा प्रकारच्या यंत्रांत सर्वाधिक संख्येने निघालेले ठरले.

तिच्या पाहण्याने युद्धाची दिशा बदलल्याची उदाहरणे आहेत. १९४१ च्या मे महिन्यात जर्मनीची ‘बिस्मार्क’ ही प्रचंड युद्धनौका अटलांटिकमध्ये ब्रिटिश आरमाराच्या नजरेतून निसटली, तेव्हा २६ तारखेस आयर्लंडच्या उत्तर भागातील सरोवरावरून निघालेल्या एका ‘कॅटलिना’ने तिला ढगांच्या फटीतून पुन्हा गाठले, आणि दुसऱ्या दिवशी ती नौका समुद्राच्या तळाशी गेली. १९४२ च्या जून महिन्यात मिडवेच्या लढाईपूर्वी जपानी जहाजांची पहिली वर्दी देणारी हीच. परंतु भारतीय वाचकाला त्याहून जवळचा प्रसंग आहे तो त्याच वर्षीच्या एप्रिलमधला.

सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, आणि जपानी आरमार हिंदी महासागरात उतरले होते. सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला सरोवरात कॅनडाच्या ४१३ क्रमांकाच्या पथकाच्या ‘कॅटलिना’ नुकत्याच येऊन दाखल झाल्या होत्या. ४ एप्रिल १९४२ रोजी त्या पथकातील वैमानिक लेनर्ड बर्चल दिवसभराची गस्त संपवून परतण्याच्या बेतात असताना त्यांना क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहिले तर तो विमानवाहू नौकांचा सबंध ताफाच होता. संदेश पाठवला जात असतानाच शत्रूच्या लढाऊ विमानांनी त्यांना घेरले, संदेशयंत्र फुटले, पेटलेले विमान समुद्रावर उतरले. नऊ जणांपैकी तिघांना मृत्यू आला, आणि उरलेल्या सहा जणांनी युद्ध संपेपर्यंतचा काळ जपानच्या बंदिवासात काढला. तथापि जेवढा मजकूर गेला होता तेवढा पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातील बरीच जहाजे आधीच बाहेर काढलेली होती. पुढे बर्चल यांना सिलोनचा त्राता असे म्हटले गेले, ते यासाठी. ६ एप्रिलला जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बाँब टाकले, आणि काही दिवसांतच मद्रास शहर निम्मे रिकामे झाले. हैदराबाद संस्थानाची पूर्वेकडील सरहद्द या किनाऱ्यापासून फार लांब नव्हती. जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेले म्हणून ज्याची वार्ता इकडच्या कचेऱ्यांत पोहोचत असे, ते युद्ध त्या आठवड्यात दख्खनच्या अंगणाशी आले होते.

त्यानंतर भारताच्या किनाऱ्यांवर जलविमानांचा पहारा वाढला. कराचीजवळच्या कोरंगीच्या खाडीत आणि मद्रासजवळच्या रेडहिल्स तलावात ‘कॅटलिना’ची पथके राहू लागली. १९४३ पासून जर्मन पाणबुड्या मलायातील पिनांग बंदराचा आसरा घेऊन अरबी समुद्रापर्यंत येऊ लागल्या, तेव्हा जहाजांच्या काफिल्यांवर नजर ठेवणे, तेलाचा तवंग किंवा पाणबुडीच्या दुर्बिणीमागचा फेसाचा पट्टा शोधणे, आणि बुडालेल्या जहाजांतील माणसे तराफ्यांवरून उचलून आणणे, ही या विमानांची नित्याची कामे होती. शेकडो फेऱ्यांत काहीच न दिसणे आणि तरीही पुढल्या फेरीत डोळ्यांत तेल घालून बसणे, हे या नोकरीचे स्वरूप. संथ गतीमुळे शत्रूची गाठ पडल्यास पळून जाण्याची आशा थोडीच, हे जाणूनही ही माणसे जात, आणि यातच त्यांचे शौर्य आहे. ते एका क्षणाचे नसून चिकाटीचे आहे, म्हणूनच त्याची कथा रंगवून सांगणे कठीण पडते.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. अहमदपूर तालुका त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा हे मराठी तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा ते त्यात आले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी येथील शेतकऱ्याची तहसील अहमदपूर, जिल्ह्याची कचेरी बीदर, दप्तराची भाषा उर्दू, नाणे हाली सिक्क्याचे, सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके, आणि सर्वांच्या माथ्यावर मीर उस्मान अली खान यांचा अंमल, अशी स्थिती होती. या अंमलाचा विमानांशी संबंध फार पूर्वीच जडला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाची विमाने निजामाच्या देणगीतून घेतली गेली आणि त्या पथकाच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा आला. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ साली, पुन्हा उभारलेल्या १५२ आणि २५३ या दोन पथकांनाही हैदराबादचेच नाव मिळाले. १५२ पथकाच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे त्याची पगडी, कोरलेली होती, आणि ब्रिटिशांनी निजामाला बहाल केलेला एकनिष्ठ दोस्त हा किताबच त्याचे ब्रीदवाक्य झाला होता. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या ‘स्पिटफायर’ लढाऊ विमानांत या पथकाची विमाने होती. पुढे ते पथक हिंदुस्थानात येऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, इंफाळच्या संग्रामात लढले.

या देणग्यांचा पैसा कोठून आला, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळू नये. संस्थानाचा मुलूख दिवाणी म्हणजे सरकारी असो, निजामाचा खासगी सर्फ-ए-खास असो, की पायगा-जहागिरीचा असो, त्या सर्व वैभवाचा पाया अखेर शेतसाऱ्यावर आधारलेला होता. आणि तो शेतसारा मराठवाड्यातील आणि तेलंगणातील रयत खळ्यावरून उचलून देत होती. युद्धकाळात त्यावर सक्तीच्या लेव्हीच्या धान्याची भर पडली. ज्याने आयुष्यात आगगाडीसुद्धा क्वचित पाहिली, कारण अहमदपूरला लोहमार्गच नव्हता, अशा शेतकऱ्याच्या ज्वारीतील काही अंश इंग्लंडच्या आभाळात पगडीचे चिन्ह मिरवीत उडाला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्याला कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही, आणि विजयाच्या कैफियतीत त्याचे नावही आले नाही. ‘कॅटलिना’च्या काचेमागे बसलेला निरीक्षक आणि बीदर जिल्ह्यातला हा कास्तकार, दोघांच्याही वाट्याला इतिहासाने एकच अनुल्लेख दिला.

या मुलुखाची जलविमानांशी दुसरी गाठ टपालाने घातली. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत जलविमानांची नियमित वाहतूक सुरू झाली, तेव्हा ती विमाने कराचीच्या खाडीत उतरून पुढे मेवाडातील राजसमंद, ग्वाल्हेरजवळचा माधोसागर, प्रयागची यमुना आणि कलकत्त्याची हुगळी असे पाणवठे घेत जात. शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत, मराठी घराण्याच्या राज्यातील एका तलावावर, विलायतेहून आलेली नौकेच्या आकाराची विमाने उतरत होती, ही गोष्ट आज आपल्या लोकांच्या स्मरणात फारशी उरलेली नाही. दक्षिणेचे टपाल मात्र कराचीलाच उतरून टाटांच्या विमानांत चढे. टाटांची ही सेवा त्याआधीच सुरू झाली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते पुढे बल्लारीमार्गे मद्रासला नेले. काही वर्षांत बल्लारीचा मुक्काम जाऊन हैदराबादचा आला. त्यामुळे विलायतेत शिकणाऱ्या किंवा फौजेत दाखल झालेल्या एखाद्या माणसाचे पत्र संस्थानातील त्याच्या घरी येई, ते आधी जलविमानाने समुद्र, मग टाटांच्या छोट्या विमानाने दख्खन, आणि अखेर टपालवाल्याच्या पायांनी काळी माती ओलांडून. सिंगापूर पडल्यानंतर हा सागरी मार्ग तुटला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने ‘कॅटलिना’ घेऊनच पर्थहून कोग्गलापर्यंत उड्डाणे सुरू केली. साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर, जादा इंधन भरून, न थांबता, बिनतारी यंत्र मुके ठेवून, ताऱ्यांच्या आधाराने, २७ ते ३३ तास. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत. त्यांतील बरीचशी पत्रे सूक्ष्मचित्रांच्या रूपाने जात, कारण इंधनाच्या ओझ्यापुढे कागदाचे वजनही सोसण्याजोगे नव्हते.

तिसरी गाठ अधिक कठोर आहे. १९४८ साली निजामाने भारतीय संघराज्यात येण्यास नकार दिला, निजामसमर्थक रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील गावे हवालदिल झाली, आणि भारताने संस्थानाची कोंडी केली. त्या वेळी कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रास्त्रे आणून बीदर आणि वरंगळ येथील धावपट्ट्यांवर उतरवण्याचे काम सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने पत्करले. हा कॉटन सामान्य तस्कर नव्हता. महायुद्धाच्या आरंभी अत्यंत उंचीवरून, शस्त्रांऐवजी कॅमेरे बसवलेल्या वेगवान विमानांतून, शत्रूच्या मुलुखाची छायाचित्रे घेण्याचे तंत्र ब्रिटनमध्ये ज्याने सिद्ध केले तोच हा मनुष्य. आकाशातून पाहण्याची विद्या ज्याच्या हातून वाढली, त्यानेच ती विद्या बाजूस ठेवून एका कोसळत्या राजवटीस बंदुका पुरवाव्यात, आणि त्याची विमाने अहमदपूरच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी उतरावीत, हा या मुलुखाच्या इतिहासातील विलक्षण योग होय. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली. आरंभीच भारतीय हवाई दलाने त्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्यात विमान आले ते प्रथम देणगीच्या रूपाने, मग पत्राच्या रूपाने, आणि शेवटी जुलमाच्या व मुक्तीच्या रूपाने. आणि तिन्ही वेळा येथील माणूस ते खालूनच पाहत होता.

आता प्रतिकृतींच्या धंद्याविषयी. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून केलेला धातू ४०० अंशांच्या आतच वितळतो, साच्याच्या बारीक रेषा अचूक उचलतो आणि गार होताना फारसा आकसत नाही. १९२९ साली अमेरिकेतील एका जस्त-कंपनीने तो सिद्ध केला आणि खेळण्यांच्या जगात क्रांती झाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कारखान्यातून १९३४ साली ‘डिंकी’ नावाने निघालेल्या खेळण्यांत विमाने लवकरच आली. १९३६-३७ च्या सुमारास तर सिंगापूर आणि एम्पायर या जलविमानांच्या प्रतिकृतीही निघाल्या, म्हणजे खरी जलविमाने पाण्यावर उतरत होती त्याच काळात त्यांची रूपे मुलांच्या हाती खेळत होती. परंतु या धातूत एक वैगुण्य असे. शुद्धतेत कसूर होऊन शिशाचा अंश राहिला, तर काही वर्षांनी आतल्या आत कणाकणांचे बंध सुटू लागतात, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात, पंख वाकडे होतात आणि शेवटी प्रतिकृती बोटाच्या दाबाने भुगा होते. संग्राहक याला जस्ताचा रोग म्हणतात. युद्धपूर्व काळातील कित्येक ‘डिंकी’ विमाने या रोगाने गेली. जी उरली त्यांचे मोल म्हणूनच चढले. आपल्याकडे पुढे कलकत्त्याच्या ‘निकी’ खेळण्यांत डिंकीचे जुने साचे वापरले गेले, आणि त्या मार्गाने भारतीय घरांतही ही कला थोडीफार पोहोचली.

युद्धकाळात मात्र प्रतिकृतीचे स्थान पालटले. ब्रिटनमध्ये धातूची खेळणी बनवण्यास मनाई झाली, कारण धातू शस्त्रांसाठी हवा होता; पण त्याच वेळी प्रतिकृतींची गरज खुद्द सेनाधिकाऱ्यांना भासली. आभाळात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखणे पहारेकऱ्याला आवश्यक होते, आणि ते शिकवायला छायाचित्रापेक्षा हातात फिरवता येणारा आकार उपयोगी पडे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांना लाकडाच्या पाच लाख प्रतिकृती कोरून देण्याचे आवाहन केले. त्या काळ्या रंगाच्या असत आणि त्यांचे माप होते १:७२. कारण त्या मापाची प्रतिकृती ३५ फुटांवर धरली तर ती जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. अहमदपूरच्या कपाटातील प्रतिकृती नेमक्या याच मापाची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे संग्राहकाच्या छंदाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. प्रतिकृती करणे आणि पहारा देणे यांचा उगम एकाच विद्येत आहे: वस्तू नीट पाहणे, तिच्या रेषा ध्यानात ठेवणे, आणि एका विमानाचे दुसऱ्यापासून असलेले वेगळेपण अचूक सांगणे.

कित्येक ‘कॅटलिना’ विमानांच्या वाट्याला शेवट फार निष्ठुर आला. उसनवारीच्या कराराने अमेरिकेने दोस्तांना दिलेली यंत्रे युद्ध संपल्यावर परत करावयाची किंवा नष्ट करावयाची होती. परत नेण्याचा खर्च कोण सोसणार, म्हणून क्वांटासच्या दोन सूर्योदयांच्या विमानांपैकी बहुतेक विमाने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे नेऊन मुद्दाम बुडवण्यात आली. ज्या समुद्रावर पहारा केला त्याच समुद्रात त्यांना जागा मिळाली. भारतात या जातीच्या यंत्राची निशाणी पाहावयाची असेल तर गोव्याला जावे. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाने आपले हवाई अंग उभे केले, तेव्हा १९५३ साली कोचीत आलेली त्याची पहिली विमाने ‘सीलँड’ या जातीची, म्हणजे पाण्यावर आणि जमिनीवर दोहोंवर उतरू शकणारी नौकाकृती विमानेच होती. अशी दहा विमाने घेतली गेली. त्यांतील एक दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात, १९९८ साली उघडलेल्या त्या प्रांगणात, आजही उभे आहे. त्याच्याच शेजारी ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ हे चार एंजिनांचे विमान आहे, जे आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत होते, आणि १९७६ पासून नौदलाकडे येऊन अरबी समुद्रावरची दूरवरची गस्त घालू लागले. या प्रांगणात उभे राहिले म्हणजे समजते की पहाऱ्याची परंपरा खंडित झालेली नाही. यंत्रे बदलली, निशाणे बदलली, समुद्र तोच राहिला आणि त्यावर डोळा ठेवण्याचे कर्तव्यही तेच राहिले.

मूळ वस्तू नाहीशी झाली की तिची प्रतिकृती पुराव्याच्या पदवीस चढते. मंदिर पडले तरी शिलालेखाचा ठसा राहतो, सनद जळली तरी तिची नक्कल दप्तरात राहते, आणि इतिहास त्या नकलेवरून उभा करता येतो. परंतु नकलेला प्रामाण्य येते ते तिच्यासोबतच्या नोंदीमुळे. कोणत्या पथकाचे विमान, कोणत्या वर्षीचे, कोणत्या तळावरचे, कोणत्या समुद्रावरचे, हे लिहिलेले नसेल तर ती केवळ शोभेची वस्तू उरते, आणि हा उणेपणा वस्तूचा नसून संग्राहकाचा असतो. विलायती किंवा अमेरिकन कारखान्याने सोबत दिलेल्या चिठ्ठीत अटलांटिक असेल, पॅसिफिक असेल. कोरंगीची खाडी, रेडहिल्सचा तलाव, बीदरची धावपट्टी आणि हैदराबादच्या नावाने उडालेली तीन पथके तीत असण्याचे कारण नाही. तो मजकूर आपणच लिहावयाचा आहे.

आपल्या तालुक्यांच्या शाळांत दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचे झेंडावंदन होते, भाषणे होतात, हुतात्म्यांना अभिवादन होते. त्या दिवशी एखाद्या शिक्षकाने अशी प्रतिकृती मुलांसमोर ठेवून तिचा तळ, तिची पायरी, तिच्या कुशीतील काचा दाखवाव्यात, नकाशावर कोग्गला आणि बीदर शोधावयास लावावे, आणि या मुलुखाचा शेतसारा, टपाल व सरहद्द यांची कहाणी त्यातून उलगडावी, असे मला मनापासून वाटते. मराठवाड्याचा इतिहास किल्ल्यांत आणि मठांत आहे तसाच तो या यंत्रांच्या वाटांतही आहे, आणि तो शिकवण्यासाठी लागणारी कागदपत्रे व वस्तू आज मिळू शकतात. लढणाऱ्यांची नावे जतन करणारी माणसे प्रत्येक पिढीत निघतात. पाहणाऱ्यांची आणि पोसणाऱ्यांची नोंद ठेवणारी माणसे आता आपल्यातून निघाली पाहिजेत, कारण समुद्रावरच्या त्या पहाऱ्याला आणि काळ्या मातीतल्या त्या महसुलाला आजवर कोणी कैफियत लिहून दिलेली नाही.